उघड्या इंजिनाची ओढ: नेकेड बाईकची गोष्ट

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात जे पुढेमागे झालं होतं ते जरा नीट लावलंय. बाकी सगळं तेच.

आजचा विषय आहे नेकेड बाईक. नाव जरा अवघडच आहे. घरात आजी समोर बसलेली असताना 'मला नेकेड बाईक घ्यायचीय' असं म्हणून बघा, काय होतं ते. पण या नावातच तिचा अर्धा इतिहास दडलाय, म्हणून सुरुवात नावापासूनच करू.

आजोबांच्या काळात 'लँडलाईन' असं कुणी म्हणायचं नाही. फोन म्हणजे फोन. मोबाईल आला आणि मग त्या कोपऱ्यातल्या फोनला वेगळं नाव द्यावं लागलं. ब्रॉयलर बाजारात आली तेव्हा अंगणातली कोंबडी 'गावठी' झाली. बाईकचंही तसंच झालं. सुरुवातीची कित्येक दशकं रस्त्यावरच्या जवळपास सगळ्याच मोटारसायकली उघड्या होत्या. इंजिन दिसायचं, चासी दिसायची, सायलेन्सर दिसायचा. 'नेकेड' म्हणायची गरजच नव्हती. ही गरज कधी पडली, का पडली आणि जे झाकलं होतं ते लोकांनी पुन्हा उघडं का केलं, हीच आजची गोष्ट.

सुरुवात करू १९६९ पासून. होंडानं सीबी ७५० आणली. चार सिलेंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि ६७ अश्वशक्ती. रोज वापरायच्या, भरवशाच्या बाईकमध्ये असं काही लोकांनी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, कावासाकीची झेड १ आली. ९०३ सीसी, ८२ अश्वशक्ती. दोन्ही उघड्याच. आता अडचण अशी की इंजिनं झपाट्यानं तगडी झाली, पण चालवणारा माणूस होता तसाच राहिला, आणि हवा तर कायमच तशीच असते.

इथे थोडं शाळेतलं गणित करू. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो अडथळा कापायला लागणारी ताकद आठपट होते. म्हणजे ६० च्या वेगाला हवा कापायला जेवढी ताकद लागते, त्याच्या आठपट १२० ला. उघड्या बाईकवर हवेला अडवणारी सगळ्यात मोठी वस्तू कोण? तुम्ही. तुमची छाती. १२०-१३० च्या पुढे हवा तुम्हाला अक्षरशः मागे ढकलत असते, आणि तुम्ही हँडलला लोंबकळल्यासारखे बसलेले असता.

यावरचा उपाय रेसिंगवाल्यांना आधीपासून माहीत होता. इटलीतल्या मँडेलो देल लारिओ गावात मोटो गुझीनं १९५० मध्येच आपला स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधला होता, बाईकभोवती हवा कशी वाहते ते बघायला. त्या काळात रेसच्या बाईकना पुढचं अख्खं चाक झाकणारी मोठमोठी आवरणं असायची. पण आडवा वारा आला की ती शिडासारखी फुगायची आणि बाईक रस्ता सोडायची. शेवटी १९५७ च्या मोसमानंतर अशा आवरणांवर बंदीच आली.

रस्त्यावरच्या बाईकला पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच लावून देण्याचं मोठं पाऊल बीएमडब्ल्यूनं टाकलं, १९७६ च्या आर १०० आरएस या बाईकवर. हेतू सरळ होता: लांबच्या प्रवासात वारा लागू नये. नऊ वर्षांनी सुझुकीनं हेतूच बदलून टाकला. १९८५ ची जीएसएक्स-आर ७५० म्हणजे जवळपास रेसचीच बाईक, फक्त लाईट आणि नंबरप्लेट लावलेली. ॲल्युमिनियमची चासी, शंभराच्या आसपास अश्वशक्ती, आणि वरून खालपर्यंत प्लास्टिक. आता इंजिन दिसेनासं झालं. दिसायचे ते रंग आणि स्टिकर. आणि त्याच काळात जी बाईक झाकलेली नव्हती, तिला वेगळं नाव लागलं.

आता मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग. नेकेड बाईकचा दुसरा जन्म कुठल्या डिझायनरच्या टेबलावर झाला नाही. तो झाला पडण्यातून.

ऐंशीच्या दशकातलं इंग्लंड डोळ्यासमोर आणा. पोरं कर्ज काढून या नव्या जपानी बाईक घेतात, आणि पडतात. इंजिन ठणठणीत असतं, चासीही सरळ असते, पण फेअरिंगचा चक्काचूर. नवं फेअरिंग इतकं महाग की परवडायचं नाही. मग काय, तुटलेलं प्लास्टिक काढून फेकायचं, खाली वाकवणारं रेसिंगचं हँडल काढून सरळ रुंद हँडल बसवायचं, पुढे दोन गोल लाईट लावायचे, आणि निघायचं. या गाड्यांना नाव पडलं 'स्ट्रीटफायटर'. जर्मनीतही हेच वेड पसरलं. बघा, पैशाची चणचण होती म्हणून जे केलं, तीच पुढे फॅशन झाली. पण ती टिकली, कारण त्या पोरांच्या एक गोष्ट लक्षात आली. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनावर सरळ बसून, रुंद हँडल धरून गावात गाडी चालवण्यात जी मजा आहे, ती टाकीवर पोट टेकवून चालवण्यात नाही.

आता जाऊ इटलीत, बोलोन्याला. डुकाटीचा कारखाना तिथे आहे. १९८५ पासून कंपनी काजिवा या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या ताब्यात होती. रेसमध्ये नाव मोठं, पण तिजोरी काही भरलेली नव्हती. तिथे मिगेल गालुझी नावाचा अर्जेंटिनात जन्मलेला डिझायनर काम करत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बाईकला लागतं काय? बसायला जागा, टाकी, इंजिन, दोन चाकं आणि हँडल. बाकी सगळं नसलं तरी चालतं.

आणि त्यानं बाईक बनवली कशातून? घरात जे होतं त्यातून. रात्री पाहुणे आल्यावर आई फ्रिज उघडून, आहे त्यात फर्मास काहीतरी करते ना, अगदी तसं. चासी घेतली डुकाटीच्या सुपरबाईकची, म्हणजे लोखंडी नळ्यांची ती प्रसिद्ध जाळी. इंजिन घेतलं ९०० सुपरस्पोर्टचं, ९०४ सीसी, हवेनं थंड होणारं, दोन सिलेंडरचं. वरती ठेवली एक भरदार, कुबड आल्यासारखी टाकी. १९९२ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, १९९३ मध्ये विक्रीला आली. नाव मॉन्स्टर. म्हणजे राक्षस.

ताकदीच्या आकड्यात हा राक्षस काही फार भारी नव्हता. सत्तर-पंच्याहत्तर अश्वशक्ती. त्या वेळच्या जपानी बाईक कागदावर त्याच्या दीडपट होत्या. तरी लोक वेडे झाले. का? कारण चासीची जाळी दिसत होती. त्या जाळीत अडकवलेलं इंजिन दिसत होतं. क्लच कोरडा होता, त्यामुळे सिग्नलला थांबलं की डब्यात चिल्लर खुळखुळवल्यासारखा आवाज यायचा. दुसऱ्या कुठल्या कंपनीत इंजिनिअरांनी तो आवाज लाजून दाबला असता. इथे लोक त्या आवाजासाठी पैसे मोजत होते. पुढच्या तीसेक वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त मॉन्स्टर बनल्या, आणि एका काळात डुकाटीचं घर याच बाईकवर चालायचं. २०२१ च्या नव्या मॉन्स्टरमधून कंपनीनं ती नळ्यांची जाळी काढली, तेव्हा जुने चाहते घरातलं कुणी गेल्यासारखे हळहळले.

इकडे इंग्लंडमध्ये ट्रायम्फ नव्यानं उभी राहत होती. तिनं १९९४ मध्ये स्पीड ट्रिपल आणली, आणि १९९७ च्या मॉडेलला पुढे दोन गोल डोळे लावले. ते कुठून आले? थेट त्या पडलेल्या बाईकवाल्या पोरांच्या गॅरेजमधून. म्हणजे कंपनी आता नवीकोरी बाईकच 'पडून उठल्यासारखी' करून विकत होती. २००० साली 'मिशन इम्पॉसिबल २' मध्ये टॉम क्रूझ हीच बाईक पळवताना दिसला, आणि मग ती जगभर पोचली.

आता जरा थांबू आणि विचारू: या बाईकमध्ये असं नक्की आहे काय?

माझं उत्तर असं आहे. नेकेड बाईक तुमच्याशी खोटं बोलत नाही. फेअरिंगवाल्या बाईकवर १४० सुद्धा शांत वाटतं, कारण काचेमागे वारा लागत नाही. नेकेडवर ८० झाले की शर्ट फडफडतो, ११० ला मान ताठ करावी लागते, १४० ला छातीवर कुणीतरी हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. स्पीडोमीटर बघायची गरज नाही, अंगच सांगतं. दुसरं म्हणजे पिकअप. चांगली नेकेड बाईक तिची ताकद कमी आणि मधल्या आरपीएमवर देते, म्हणजे रोज आपण जिथे चालवतो तिथे. शेवटच्या टोकाला किती पळते याला तिथे फार अर्थ नसतो. रेस पिळली की त्याच क्षणी उत्तर येतं. आणि तिसरं ते रुंद हँडल. लांब पान्यानं नट सोपा फिरतो ना? तसंच रुंद हँडलनं बाईक कमी जोरात वळते. या सगळ्याची बेरीज म्हणजे आपण ज्याला 'रांगडी' म्हणतो ती गोष्ट. मधे पडदा नाही. तुम्ही आणि यंत्र.

हा रांगडेपणा टोकाला नेला ऑस्ट्रियातल्या केटीएमनं. मॅटिगहोफेन नावाच्या छोट्याशा गावची ही कंपनी, चिखलात आणि डोंगरात पळणाऱ्या बाईक बनवणारी. १९९१ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली. नव्यानं उभी राहिली तेव्हा, १९९४ मध्ये, तिनं आपलं चिखलातलं एक सिलेंडरचं इंजिन घेऊन रस्त्यासाठी बाईक काढली. तिचं नाव ड्यूक. पुन्हा तेच बघा: खिसा रिकामा, हाताशी जे होतं ते वापरलं. आणि वीसेक वर्षांनी याच नावाच्या घराण्यात १२९० सुपर ड्यूक आर जन्मली. १३०१ सीसी, १८० अश्वशक्ती. आपल्या नेहमीच्या १०० सीसी बाईकला आठेक अश्वशक्ती असते, साध्या हॅचबॅक कारला ऐंशी-नव्वद. इथे दोनशे किलोच्या आसपास वजनाला १८०. कंपनीनंच तिला नाव दिलं 'बीस्ट', जनावर.

पण या जनावराच्या पोटात काय आहे ते ऐका. रेसची वायर थेट इंजिनाला जात नाही, ती जाते कॉम्प्युटरला. मागचं चाक घसरायला लागलं की कॉम्प्युटर ताकद कमी करतो. वळणावर ब्रेक दाबला तर बाईक किती कललीय ते मोजून तो ब्रेक सांभाळतो. म्हणजे आजची नेकेड बाईक दिसायला उघडी असली, तरी तिचं सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्हाला न दिसणारं आहे. आणि ते असायलाच हवं. १८० अश्वशक्ती नुसत्या मनगटावर सोडणं हा शूरपणा नाही.

आता या गोष्टीत चाकण येतं.

आपल्याकडे बाईक बराच काळ उघड्याच होत्या. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० इथे 'राजदूत ३५०' म्हणून आणली, १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि आजही तिचा आवाज आला की काका लोक वळून बघतात. यांना कुणी नेकेड म्हटलं नाही, कारण झाकलेलं काही आजूबाजूला नव्हतंच. २००३ ची करिझ्मा अर्धी झाकलेली, २००८ ची आर १५ पूर्ण झाकलेली. जगानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेला प्रवास आपण मग भराभर केला.

२००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोनं केटीएममध्ये साडेचौदा टक्के वाटा घेतला. २०११ मध्ये चाकणच्या कारखान्यातून १२५ ड्यूक युरोपला निघाली. पुण्याहून नाशिककडे जाताना जे चाकण लागतं, जिथला कांद्याचा बाजार आपल्याला माहीत, त्या चाकणमध्ये बनलेली बाईक व्हिएन्ना आणि बर्लिनमधली पोरं चालवायला लागली. जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक भारतात आली, १ लाख १७ हजारांना. २०१३ मध्ये ३९० ड्यूक आली: ३७३ सीसी, ४३ अश्वशक्ती, १ लाख ८० हजार. हे आकडे तेव्हा लोकांना खरे वाटत नव्हते. इतक्या पैशात इतकी ताकद आपल्याकडे कुणी दिलीच नव्हती. आणि पुढचं तर सिनेमात शोभेल असं: २०२४ च्या शेवटी केटीएम पुन्हा दिवाळखोरीच्या दारात गेली, आणि २०२५ मध्ये तिला वाचवायला पैसे गेले ते पुण्यातून.

अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण मला आज ज्यासाठी हा भाग करावासा वाटला, ती गोष्ट आता येते.

ती १२५ ड्यूक युरोपात १५ अश्वशक्तीचीच का होती? कारण तिथे पायऱ्या आहेत. बहुतेक देशांत १६ वर्षांच्या मुलाला १२५ सीसी आणि १५ अश्वशक्तीपर्यंतच परवाना मिळतो. १८ व्या वर्षी पुढची परीक्षा दिली तर ४७ अश्वशक्तीपर्यंत. ३९० ड्यूक बरोबर या पायरीत बसते. आणि मोठं जनावर? ते दोन वर्षं मधली बाईक चालवून पुन्हा परीक्षा दिली तर, नाहीतर थेट २४ व्या वर्षी. म्हणजे १२५, ३९०, १२९० ही नुसती मॉडेलची यादी नाही, तो एक जिना आहे. माणूस बाईकसोबत हळूहळू मोठा होतो.

आपण त्या जिन्याच्या पायऱ्या कारखान्यात बनवतो, पण आपल्याकडे जिनाच नाही. १८ पूर्ण झाले, गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला, की १०० सीसीही चालवा आणि १८० अश्वशक्तीचीही. कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच. चाचणीला तुम्ही मामाची जुनी बाईक नेली असेल, आठचा आकडा काढून दाखवला असेल, संपलं. शिवाय १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ मध्ये. त्याआधीची काही वर्षं आपल्याकडे २०० ड्यूक एबीएसशिवाय विकली जात होती.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवर होती. यातली बहुतेक साध्या बाईकवरची, कामाला जाणारी-येणारी माणसं. सगळा दोष नेकेड बाईकवर टाकणं खोटं ठरेल. सोसायटीत ड्यूकवाला पोरगा दिसला की सगळ्यांच्या भुवया वर जातात, तेही मला पटत नाही. पण त्या पोराला कुणी शिकवलं का, हा प्रश्न मला पडतो. त्याला ४३ अश्वशक्ती दिली. पुढचा ब्रेक कसा दाबायचा, ओल्या रस्त्यावर रेस किती हळू पिळायची, वळणाच्या आधी वेग कसा कमी करायचा, हे कुणी सांगितलं? यूट्यूबनं. आणि यूट्यूबवर जास्त बघितलं जातं ते एका चाकावर पळवणं.

म्हणून मी 'घेऊ नका' म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की जिना सरकारनं बांधला नसेल, तर आपला आपण बांधूया. आधी दोन वर्षं १२५ किंवा १५० चालवा. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात जाऊन पुढच्या ब्रेकनं थांबायचा सराव करा, वीस वेळा, तीस वेळा, कंटाळा येईपर्यंत. पहिल्या पावसात बाईक वेगळी वागते, ते एकदा अगदी हळू चालवून अनुभवा. आणि हेल्मेट कोपरात अडकवायचं नसतं. फेअरिंग नसलेल्या बाईकवर तुमचं फेअरिंग म्हणजे तेवढंच.

नेकेड बाईक तुम्हाला सगळं सांगत असते. वारा सांगतो, हँडल सांगतं, इंजिनचा आवाज सांगतो. डुकाटीच्या त्या खुळखुळणाऱ्या क्लचपासून ते चाकणच्या ३९० पर्यंत, तिची सगळी ओढ यातच आहे. ऐकायची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागते, आणि ती शोरूममधून गाडीसोबत येत नाही.

तुमची पहिली बाईक कोणती होती, आणि ती चालवायला तुम्हाला कुणी शिकवलं, हे मला नक्की कळवा. बाबांनी, मोठ्या बहिणीनं, की गल्लीतल्या मेकॅनिक दादानं? यातल्या निवडक आठवणी पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर जपून चालवा, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. भेटू पुढच्या शुक्रवारी.